काळ्या भिंतींचं भांडण

विमलताई, शोकसभेत कुणीतरी तुम्हाला मृदुभाषी म्हणालं आणि मला हसू फुटलं. शेजारी भाऊजी बसले होते, त्यांनाही. तुमच्याच शोकसभेत तुमचा नवरा आणि तुमची विद्यार्थिनी तोंडाला रुमाल लावून बसलेले पाहून मागच्यांना वाटलं असेल, फारच भरून आलंय दोघांना. तसं भरूनही आलं होतं. पण ज्या बाईनं भर परिसंवादात एका नामांकित शास्त्रज्ञाला "सर, आप पत्थर तक गए थे या पत्थर आप तक लाया गया था?" असं विचारलं होतं, तिला मृदुभाषी म्हणायचं म्हणजे कारलं गोड आहे म्हणण्यातला प्रकार. चांगलं बोलायच्या नादात लोकांनी तुम्हाला इतकं गुळगुळीत करून टाकलं, की फोटोला हार घातलेली ही बाई कोण, असं मला वाटायला लागलं.

सभा संपल्यावर चहा-समोसे होते. आपल्या विभागात निवृत्ती असो की मरण, समोसे त्याच दुकानातले असतात. तिथे विभागप्रमुखांनी मला खिडकीपाशी बोलावलं. तुमच्या स्मरणार्थ एक ग्रंथ काढायचा ठरलाय आणि त्यातला मुख्य लेख मी द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लेख तयार आहे, पण सर, तो ताईंच्या सिद्धांताच्या उलट जातो. त्यांना ते माहीत होतंच. चहाचा एक घोट घेऊन म्हणाले, "तो ऐसा कीजिए, पहला नाम मैडम का रख दीजिए. लगेगा कि उन्होंने ख़ुद अपनी बात सुधार ली. उनकी इज़्ज़त भी रह जाएगी, आपका काम भी हो जाएगा."

माणूस वाईट नाही, ताई. त्यांना मनापासून तुमची इज्जत राखायची होती. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. तेव्हापासून मी तोच विचार डोक्यात घेऊन हिंडते आहे, की ज्या लेखात तुमचं म्हणणं खोडलंय त्यावर तुमचंच नाव घालायचं की नाही. बाहेरच्याला ही एवढीशी गोष्ट वाटेल. तुमचं माझं सगळं नातं तिच्यात अडकलंय, म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हा मला दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही अकोल्याहून लखनौला आलेलो, आणि रसायनशास्त्राच्या जागा भरल्या म्हणून मी भूगर्भशास्त्रात पडलेली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझं आडनाव वाचून तुम्ही थांबलात आणि अख्ख्या वर्गासमोर चक्क मराठीत विचारलंत, "ज्वारीचं पीठ कुठून आणता गं?" सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी पुटपुटले, मिळत नाही इथे. "संध्याकाळी घरी ये, देते," म्हणालात आणि पुढचं नाव वाचलंत. त्या दिवसापासून विभागात तुम्ही मॅडम आणि चिनहटच्या तुमच्या घरी ताई.

पिठाबरोबर त्या संध्याकाळी पहिला धडाही मिळाला. तुम्ही डब्यातून खडीसाखरेचा खडा काढलात, तुमच्या लेकीच्या, यशूच्या दप्तरातून लिमलेटची गोळी काढलीत आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवलंत. दोन्ही साखरच, मग दिसायला वेगळं का? मी म्हटलं, रंग. "रंग सोड. हिला सावकाश घट्ट व्हायला वेळ मिळाला, म्हणून हिचे कण वाढले. या गोळीला मिळाला नाही, झटकन गोठली. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या शिलारसाचंही एवढंच असतं." यशू तिच्या गोळीसाठी भोकाड पसरून रडत होती. पुढे मी जाडजाड पुस्तकं वाचली, मॅग्मा या विषयावर स्वतः वर्ग घ्यायला लागले, पण कुणी तो शब्द उच्चारला की आजही मला आधी ती लिमलेटची गोळी आठवते आणि मागे रडणारी यशू ऐकू येते.

लखनौत बसून दगडांचा अभ्यास करणं म्हणजे राजस्थानात होडी बांधणं, असं भाऊजी तुम्हाला चिडवायचे. खोटं नव्हतं ते. या शहरात कितीही खणलं तरी नद्यांनी आणून टाकलेला गाळच लागतो, खऱ्या खडकासाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो. भाऊजींच्या रेल्वेच्या नोकरीमागे तुम्ही इथे आलात, आणि तुमच्या मते तेच बरं झालं. नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर खेळत मोठ्या झालात, पण ती टेकडी गोठलेल्या लाव्ह्याची आहे हे तुम्हाला लखनौच्या ग्रंथालयात कळलं. दगडात राहणाऱ्याला दगड दिसत नाही, हे तुमचं वाक्य मी अजून पहिल्या तासाला मुलांना ऐकवते. नाव तुमचंच सांगते.

तुमच्याबरोबर बुंदेलखंडात केलेली भटकंती हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ. तिथला गुलाबी ग्रॅनाइट आणि त्याला चिरत सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती हा तुमचा जन्माचा विषय. माणूस सोडाच, मासासुद्धा जन्मला नव्हता तेव्हा त्या ग्रॅनाइटला भेगा पडल्या, खालून शिलारस चढला आणि भेगांमध्येच गोठून राहिला. आता शेताच्या कडेनं काळ्या धोंड्यांची रांग दिसली की समजायचं, खाली भिंत आहे. हिवाळ्यात आपण दोघी महोब्याला उतरायचो, विश्रामगृहात सामान टाकायचो आणि सूर्य वर यायच्या आत हातोडे घेऊन निघायचो.

ताज्या फोडलेल्या दगडाला जीभ लावून बघायची तुमची खोड मला सुरुवातीला फार लाजवायची. ओला केला की कण स्वच्छ दिसतात, हे खरं. पण पाण्याची बाटली खांद्याला लटकत असताना तुम्ही जीभच लावायचात. एकदा शेतातून जाणारी एक बाई थांबून बघत राहिली आणि काळजीनं म्हणाली, "बहनजी, भूख लगी है का? रोटी दे दें?" तुम्ही जराही न लाजता म्हणालात, "दे दो, अचार हो तो वो भी." आपण तिच्या बांधावर बसून जेवलो. नंतर तिनंही एक दगड चाटून पाहिला आणि थुंकून टाकला.

सगळे प्रश्न मात्र इतक्या मायेचे नसत. एका गावात ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं पाणी देण्याआधी तुमचं पूर्ण नाव विचारलं. तुम्ही सांगितलंत, डॉक्टर विमल. तो म्हणाला, "आगे?" तुम्ही म्हणालात, "आगे पहाड़ी है, वहीं जा रहे हैं." आणि पाणी न पिता निघालात. मला वाटलं, तुम्ही विनोद केला. मी हसत हसत मागे आले. बरंच चालून गेल्यावर तुम्ही म्हणालात, "नीलू, त्याला माझं आडनाव हवं होतं." आपल्या विभागातही तोच प्रश्न होता, फक्त तिथे तो कुणी तोंडावर विचारत नव्हतं. तुम्ही खोलीतून बाहेर पडलात की कुणी तरी हळूच म्हणायचं, कोटे से आई हैं, म्हणजे राखीव जागेवरून. ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्यावर कधी भांडला नाहीत, आणि भांडखोरपणा तर अंगात मुरलेला. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालात, त्यांना उत्तर दगड देईल.

आणि दगडानं दिलं. बुंदेलखंडातल्या त्या सगळ्या काळ्या भिंती एकाच वेळी, शिलारसाच्या एकाच लाटेत आल्या, हे तुम्ही मांडलंत. त्याआधी जो तो आपल्या सोयीच्या चार भिंती बघून आपली कथा सांगत होता. तुम्ही जवळपास साऱ्या भिंती पायाखाली घातल्यात. त्यांची दिशा, जाडी, काठाचे आणि मधले कण, सगळं एकत्र मांडलंत आणि एकच लाट म्हणालात. तो सिद्धांत पाठ्यपुस्तकात गेला, परदेशी माणसं तो वाचून लखनौला यायला लागली. कोट्याची कुजबुज करणारेच मग पाहुण्यांशी तुमची ओळख करून देताना "हमारी विमल मैडम" म्हणायला लागले. तुमच्या घराण्यात तुमच्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. त्यामुळे एक लाट म्हणजे तुमच्यासाठी नुसता सिद्धांत नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी त्यालाच हात घातला.

सुरुवात एका खाणीत झाली. महोब्याकडे आता टेकड्याच्या टेकड्या फोडून गिट्टी होते आहे. अशाच एका खाणीच्या तोंडाशी मला एक मोठा धोंडा पडलेला दिसला, आणि त्यात एक काळी भिंत दुसरीला कापून गेली होती. कापणारी धाकटी, हे तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. पण धाकटीच्या काठाचे कण अगदी बारीक होते, लिमलेटसारखे. म्हणजे ती शिरली तेव्हा थोरली पार गार झालेली होती. मग एकच लाट कशी? मधे काळ गेला असला पाहिजे, म्हणजे लाटा निदान दोन. मी धोंड्याचा तुकडा घेऊन तशीच गाडीत बसले आणि चिनहटला तुमच्या दारात उभी राहिले.

जूनचा महिना होता. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मलिहाबादहून दशहरीची पेटी पाठवली होती आणि भाऊजी बादलीत आंबे भिजत घालत होते. तुम्ही तुकडा हातात घेतलात, फिरवलात आणि विचारलंत, "जागेवरचा आहे?" मी म्हटलं, नाही, खाणीत पडलेला होता. तुम्ही तो टेबलावर ठेवलात आणि आंबा उचललात.

"सुटा दगड म्हणजे अफवा."

"ताई, पण काठ तर बघा."

"बघितला. कुठल्या भिंतीचा आहे तो? कुठल्या टेकडीचा? ट्रकमधून पडला असेल. उद्या मी म्हणेन, राजस्थानातून आलाय. काय सांगशील?"

"तुम्हाला बघायचंच नाहीये," मी म्हणाले.

"मला जमिनीला चिकटलेला दगड दाखव, मग बघते." तुमचा आवाज चढला होता. "आणि समज, चिकटलेला आणलास. असली हातभर जाडीची भिंत गार व्हायला किती वेळ लागतो? फार तर काही महिने. पृथ्वीच्या हिशेबात ती एकच दुपार. एकाच लाटेत एक भिंत आधी आली, एक मागून आली. तुझी दुसरी लाट कुठे राहिली?"

भाऊजी मधे पडले. "आधी आंबे खा, मग एकमेकींना खा." आपण आंबे खाल्ले. निघताना तुम्ही मला पिशवीत अर्धी पेटी आंबे भरून दिलेत, आणि त्यावर माझा तुकडाही ठेवलात. तो परत दिलात याचा मला इतका राग आला, की हजरतगंजपर्यंत ऑटोत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

त्यानंतर हे भांडण आपल्या घरातलंच माणूस असल्यासारखं आपल्याबरोबर राहिलं. माझ्या लग्नात तुम्ही अक्षता टाकून झाल्यावर कानात म्हणालात, "जागेवरचा मिळाला का?" चौदा एप्रिलला तुमच्याकडे खीर खायला आलेल्या लोकांसमोर आपण दोघी व्हरांड्यात हातवारे करत उभ्या, आणि शेजारच्या मिश्राजींना वाटायचं, आपल्यात जमिनीचा काही वाद आहे. एका अर्थी होताच. तुम्ही निवृत्त झालात, मी विभागातल्या तुमच्या खोलीत बसायला लागले, तरी वाद चालूच राहिला. माझ्या प्रत्येक नव्या पुराव्यात तुम्ही भोक शोधलंत. मला कधी कधी वाटायचं, या बाईला स्वतःचं नाव राखायचंय. पण तुम्ही काढलेलं भोक खरंच असायचं. मी परत महोब्याला जायचे. माझा अभ्यास पक्का झाला तो तुम्हाला हरवण्याच्या जिद्दीनं झाला, तुमच्या शाबासकीनं झाला नसता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भांडणाच्या मधे आभार मानले तर भांडण ढिलं पडतं, अशी मला भीती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या आजारानं उचल खाल्ली आणि मी एकटीच गेले. एका खोल खाणीतलं पाणी उपसलेलं होतं, आणि अगदी तळाशी, जमिनीला चिकटलेला, मला तो सांधा दिसला. एक काळी भिंत दुसरीला कापून गेलेली, धाकटीचा काठ बारीक. मी खाणीच्या मुन्शीला म्हटलं, इथे सुरुंग लावू नका. तो म्हणाला, "मैडम, छेद हो चुके हैं, खाने के बाद उड़ाएँगे. तब तक जो करना हो कर लीजिए." ती लोकं जेवत होती तेवढ्यात मी फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि सांध्यावरचा तुकडा स्वतःच्या हातानं फोडला. दुपारी ती जागा गिट्टी झाली. आवाज आला तेव्हा तुकडा माझ्या मांडीवर होता.

तो घेऊन मी थेट तुमच्या खाटेपाशी आले. तुम्ही फार बारीक झाला होतात. मी तुमचा हात हातात घेणार, तेवढ्यात तुम्ही माझ्या पिशवीकडे बघून विचारलंत, "जागेवरचा आहे?"

"जागेवरचा, ताई."

"तू फोडलास की मजुरानं?"

"मी."

तुम्ही तो उशीवर घेतलात, भिंग डोळ्याला लावलंत आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याला जीभ लावलीत. बंगळुरूहून आलेली यशू ओरडली, "मम्मी, डॉक्टर ने क्या कहा था? इन्फ़ेक्शन हो जाएगा." तुम्ही म्हणालात, "तुझ्या डॉक्टरच्या हातापेक्षा हा स्वच्छ आहे." मग तुम्ही भिंग परत डोळ्याला लावलंत. भिंग तुकड्यावरून इकडून तिकडे फिरत होतं. मी वाट बघत होते, की आता म्हणाल, बरोबर आहे नीलू. त्याऐवजी तुम्ही नख एका जागी ठेवलंत आणि म्हणालात, "हे हिरवं काय आहे?"

मला हिरवं काही दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं मी काठाचे कण शोधत होते, मग मला काठाचे कणच दिसणार. थोरल्या भिंतीत केसाएवढ्या बारीक हिरव्या रेषा होत्या. "पातळ काप करून आण," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "पण ताई, पटतंय का?" "काप आण म्हटलं ना. मग बोलू." आणि भिंग मिटून विचारलंत, "जेवलीस का?"

दगड घासून घासून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा, या कामाला वेळ लागतो. तुमचा जलदान विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काप तयार होऊन आला. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सगळं एका नजरेत दिसलं. थोरली भिंत गार झाली, नंतर तिला तडे गेले, तड्यांमधून पाणी झिरपलं, त्यात हिरवं खनिज भरलं. आणि या सगळ्यानंतर धाकटी आली, हिरव्या रेषांना सुरीनं कापावं तशी कापून गेली. हे एका दुपारचं काम नाही, ताई. तुमच्या आंब्याच्या दिवशीच्या आक्षेपाला उत्तर मिळालं होतं, आणि ते दाखवलं होतं तुम्हीच.

मला आनंद झाला. तुमच्यापासून काय लपवायचं, चांगलाच झाला. आणि त्याच आनंदात मी फोन उचलून तुमचा नंबर लावला. भाऊजींनी हॅलो म्हटलं तेव्हा कुठे मला काय ते उमगलं. मी म्हटलं, "भाऊजी, बीपीची गोळी घेतलीत का?" ते म्हणाले, घेतली.

मग मी लेख लिहून काढला, आणि विभागाची शोकसभा त्यानंतर झाली. तिथे विभागप्रमुखांचं बोलणं मला पटायला लागलं होतं. हिरव्या रेषा तुम्ही दाखवल्यात, मग नाव असायला काय हरकत? आणि दुसरं, ते कुजबुजणारे. त्यातले काही अजून आहेत, शोकसभेत पहिल्या रांगेत होते. तुमचा सिद्धांत तुमच्या मागे मी मोडला, तर ते म्हणणार, आम्ही तर आधीपासूनच म्हणत होतो. तुमचं नाव वर असलं की त्यांची तोंडं बंद.

पण तुम्ही "पटलं" म्हणाला नाहीत. मी तुम्हाला ओळखते. काप बघितल्यावर तुमचा पुढचा प्रश्न काय असता तेही मला तोंडपाठ आहे. "ठीक आहे, वेळ गेला. पण किती? वय कुठे आहे?" आणि वय माझ्याकडे नाही. ज्या खनिजावरून ते काढता येतं ते त्या तुकड्यात सापडलं नाही, आणि जागा तर उडून गेली. मी लेखात तुमचा हा प्रश्न तसाच्या तसा घातलाय आणि खाली लिहिलंय, की याचं उत्तर आज आमच्यापाशी नाही. हिरव्या रेषा कुणी दाखवल्या तेही आभारात नावानिशी लिहिलंय. पण लेखक म्हणून तुमचं नाव घालायचं म्हणजे तुमच्या तोंडी होकार घालायचा. जिवंतपणी कुणालाही तुम्हाला गप्प बसवता आलं नाही. ते काम मी, तुमच्या विद्यार्थिनीनं, तुमच्या माघारी करायचं का?

रविवारी मी चिनहटला गेले. विभागप्रमुखांनी भाऊजींना आधीच फोन केला होता, आणि भाऊजींना ती कल्पना फार आवडली होती. "राहू दे ना गं तिचं नाव पहिलं," ते म्हणाले. "शेवटचं छापून येईल." त्यांच्या या बोलण्यापुढे माझे सगळे मुद्दे गळून पडले. यशू बाहेरच्या खोलीतून ऐकत होती. ती आत आली आणि मला विचारलं, "दीदी, मम्मी ने ये पेपर पढ़ा था?"

"नाही. त्या गेल्यावर लिहिला."

"और मान गई थीं?"

"नाही."

"तो पापा, साइन कैसे करेंगी? मेरी मैरिज के लिए हाँ बोलने में तो दो साल लगाए थे."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. पुसायचं चालूच राहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तिचं नाव कुठेच नाही?" मी त्यांना लेखाचं पहिलं पान दिलं. पहिल्याच ओळीत तुमचं नाव आहे. विमल यांच्या मते या सर्व भिंती शिलारसाच्या एकाच लाटेत आल्या. या लेखात आम्ही त्या मताला आव्हान देत आहोत. भाऊजींनी ती दोन वाक्यं ओठ हलवत वाचली, परत वाचली.

"हे 'मते' लिहिलंयस," ते म्हणाले. "'मत होते' असं नाही लिहिलंस."

"मत बदललंय कुठे त्यांनी, भाऊजी?"

"नाही बदललं," ते म्हणाले. "बदलणारी नव्हतीच ती." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आमच्यासमोर रडले. यशूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी पान माझ्या हातात दिलं. "चालू दे तुमचं भांडण."

विभागप्रमुखांना मी सोमवारी सांगितलं. ते म्हणाले, "सोच लीजिए, लोग बातें बनाएँगे." मी म्हटलं, बनाने दीजिए सर, मैडम को आदत थी. जे म्हणणं खोडायला माझं अर्धं आयुष्य लागलं, ते म्हणणं कच्चं होतं असं कुणी म्हणालंच, तर मी त्याला माझ्या पायाच्या भेगा दाखवीन. एवढा विश्वास मला आता माझ्यावरही आहे आणि तुमच्यावरही.

आज दुपारी त्या ग्रंथासाठी लेख पाठवायला बसले. पाठवताना तो तपासायला कुणाकडे द्यावा याची नावं सुचवावी लागतात. लोक तिथे आपल्या मित्रांची नावं घालतात. तुमची रीत निराळी होती. आपलं म्हणणं ज्याला सगळ्यात जास्त खटकेल, जो त्याची सालपटं काढेल, त्याचं नाव तुम्ही सगळ्यात वर लिहायचात आणि आम्हालाही लिहायला लावायचात. मी पहिलं नाव लिहिलं आणि दुसऱ्याकडे वळले. मग वर बघितलं तर पहिल्या जागी तुमचं नाव होतं. हातानं आपसूक लिहून टाकलं होतं, पत्त्यासकट, चिनहट.

ते मी खोडलं, ताई. त्या जागी दुसरं कुणाचं घालावं म्हणून पुष्कळ विचार केला. तुमच्याइतकं माझ्याशी भांडेल असं कुणी आठवलं नाही. पहिली जागा रिकामीच ठेवली आणि लेख पाठवून दिला.